भाऊसाहेबांचं उदाहरण राहिलं

पुढारी आतबाहेर एक असला की त्याला आत्मविश्वास येतो आणि लोक मागे येतात, हे पुढारीपणावरच्या तुमच्या लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. लोक मागे येतीलच असं नाही. आपल्या गोव्यातच बघा. गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण हवं, हे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी कधी लपवलं नाही. विलीन व्हायचं की वेगळं राहायचं यावरचा जनमत कौल निःपक्ष व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने राजीनामाही दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झालं आणि कौल सुमारे ३४ हजार मतांनी त्यांच्या विरुद्ध गेला. तरी त्याच वर्षीच्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री पुन्हा तेच! मत नाकारलं, माणूस ठेवला. (फूल ही विलीनीकरणाची निशाणी, दोन पानं वेगळ्या गोव्याची; आमच्या घरात 'फूल की दोन पानं' यावरून अजून आवाज चढतात, तो भाग वेगळा.)

साधा राहतो तो खरा, हे लेखातलं दुसरं म्हणणं मात्र मुळीच पटलं नाही. मुख्यमंत्री असताना मनोहर पर्रीकरांना अर्ध्या बाह्यांचा शर्ट शोभला. नंतर तसेच शर्ट शिवून फिरणारे आपण कमी पाहिले का?

आमच्या वाड्यावर जत्रेचं नाटक बसवणारे काका सुराच्या बाबतीत ठार. पहिल्याच तालमीला सांगून टाकतात, "पदांचं पेटीवाल्याला विचारा, मला त्यातलं कळत नाही." पण एंट्री चुकली की कोणाची गय नाही, मग तो पंच का असेना. पोरं निमूट ऐकतात. आत्मविश्वासावर एवढं लिहिलंत, या 'मला कळत नाही'वर एखादी ओळ तरी हवी होती.