मूक मोर्चा, फोन आणि मतदार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपले आक्षेप दोन आहेत. २०१६ च्या मराठा मूक मोर्चांचे श्रेय व्हॉट्सॲपला देऊन मी गावोगाव बैठका घेणाऱ्या कार्यकर्त्यांवर अन्याय केला, हा पहिला. निवडणुकीतील समाजमाध्यमांविषयी लिहिताना मी मतदाराला भोळा ठरवले आणि फोनवरचा प्रचार स्वस्त असल्याने तो साध्या उमेदवारालाही परवडतो हे विसरलो, हा दुसरा. पहिला मला बऱ्याच अंशी मान्य आहे. दुसरा मान्य नाही, आणि त्याचे कारण पहिल्यातच दडलेले असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

'व्हॉट्सॲपने मोर्चा घडवला' हे माझे वाक्य चुकीचे होते. जुलै २०१६ मध्ये कोपर्डी येथे एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली आणि ९ ऑगस्टला औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) पहिला मूक मोर्चा निघाला. स्वस्त डेटा घरोघरी नेणारी जिओची सेवा सर्वांसाठी सुरू झाली ती त्यानंतर, ५ सप्टेंबरला. माणसे जमली ती तालुक्याच्या बैठकांमुळे, भावकी-सोयऱ्यांच्या ओळखींमुळे आणि शेतीची दुरवस्था व आरक्षणाचा प्रश्न यांतून वर्षानुवर्षे साचलेल्या अस्वस्थतेमुळे. तरीही फोनचा वाटा होता आणि तो मी नीट सांगायला हवा होता. घोषणा द्यायच्या नाहीत, नेत्यांनी पुढे यायचे नाही, मुलींनी अग्रभागी राहायचे, निवेदन त्यांनीच द्यायचे आणि परतताना रस्त्यावरचा कचरा उचलायचा, ही शिस्त कोणत्याही एका पक्षाच्या हुकमाविना जिल्ह्याजिल्ह्यांत जवळपास सारखीच पाळली गेली. एका शहरातल्या मोर्चाची ड्रोनने टिपलेली दृश्ये शेजारच्या जिल्ह्यातील फोनांवर पोहोचत आणि आपला मोर्चा त्याहून मोठा व शिस्तबद्ध व्हावा, अशी ईर्षा तिथे निर्माण होई. ९ ऑगस्ट २०१७ च्या मुंबईतील मोर्चापर्यंत अशा मोर्चांची संख्या ५८ वर गेली. मोर्चांच्या मागण्यांपैकी ॲट्रॉसिटी कायद्यातील (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणाऱ्या कायद्यातील) बदलाच्या मागणीने दलित समाजात भीती निर्माण केली होती, हेही इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

आता मोर्चासाठी केलेल्या व्हॉट्सॲप गटांमधला जो गुण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतो. बैठक कुठे आहे, टेम्पो किती वाजता निघणार, पाण्याची सोय कोणाकडे, हे निरोप पाठवणारा माणूस वाचणाऱ्याच्या ओळखीचा असे. निरोप चुकला तर दुसऱ्या दिवशी चावडीवर त्याला जाब विचारता येत असे.

निवडणुकीच्या प्रचारात नेमका हाच धागा तुटतो. आमच्या गावाकडे सोयाबीनचे भाव कळावेत म्हणून शेतकऱ्यांनी केलेला एक गट आहे. मतदानाच्या तीन आठवडे आधी एका सकाळी त्याचे नाव बदललेले दिसले, वर एका उमेदवाराचे छायाचित्र आले आणि कोणाच्याही ओळखीचे नसलेले दोन क्रमांक ॲडमिन झाले. त्यानंतर बाजारभाव येणे थांबले. विरोधी उमेदवाराविषयीच्या ज्या चित्रफिती त्यात रोज पडत होत्या, त्या कोणी बनवल्या हे विचारणाऱ्या माझ्या चुलतभावाला गटातून काढून टाकण्यात आले.

हे काम स्वस्त आहे, असे आपण म्हणता. निरोप पुढे ढकलायला पैसे लागत नाहीत हे खरे; परंतु फोन क्रमांकांच्या याद्या मिळवणे, चित्रफिती करणे आणि शेकडो गट दिवसरात्र हलते ठेवणे यांसाठी पगारी माणसे लागतात. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्येच इंटरनेटवरील जाहिरातींचा, मजकूर तयार करण्याचा आणि या कामावरच्या माणसांच्या पगाराचा खर्च हिशेबात दाखवावा, असे सांगितले. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा आहे; पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. उमेदवाराला प्रतिज्ञापत्रात आपली समाजमाध्यमांवरील खाती जाहीर करावी लागतात आणि जाहिरातीला पूर्वप्रमाणन (प्रसिद्धीआधीची मंजुरी) लागते, पण स्वतःच्या खात्यावरून टाकलेला राजकीय मजकूर जाहिरात धरला जात नाही. त्यामुळे सोयाबीनच्या त्या गटाची नोंद कोणत्याही हिशेबात सापडणार नाही. जो उमेदवार खरोखर कमी पैशांत लढतो, त्याचे नुकसान या व्यवस्थेत सर्वाधिक होते, असे मला वाटते.

राहिला भोळेपणाचा मुद्दा. मतदाराला अक्कल नाही, असे मी मानत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. अशा अफवा पुढे पाठवणाऱ्यांत शिकलेलेही होते, कारण त्यांच्याकडे निरोप आला तो मेहुण्याकडून किंवा शेजाऱ्याकडून, आणि त्यांनी मेहुण्यावर विश्वास ठेवला. निरोप मुळात कुठून निघाला हे मेहुण्यालाही ठाऊक नव्हते. निवडणुकीतला प्रचार नात्यातल्या याच विश्वासावर स्वार होतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

मूळ लेखातील ते वाक्य मी आज दुरुस्त केले असून बैठकांचा उल्लेख त्यात घातला आहे. उमेदवाराने खात्यांप्रमाणेच आपल्या वतीने चालणाऱ्या गटांची आणि ते चालवणाऱ्यांची यादीही प्रतिज्ञापत्रात द्यावी, ही मागणी मात्र जशीच्या तशी ठेवली आहे. आपण स्वतः त्या बैठकांना होता, असे आपल्या लिहिण्यावरून वाटते. तेव्हा गटांत कोणाला घ्यायचे आणि खोटा निरोप आला तर काय करायचे, हे आपल्या तालुक्यात कसे ठरले होते, ते सवडीने अवश्य लिहावे.