बारा भरले तरच तोंड उघडा

ब्रिज शिकायचं मनावर घेतलं असेल तर आधी एक पथ्य पाळा. घरात ‘पत्ते’ हा शब्द काढू नका. आपल्या खानदेशात पत्ते म्हटलं की घरच्यांना आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवते, निंबाखालची सतरंजी आठवते आणि तीनपत्तीत बैलजोडी घालवून आलेला कुठला तरी चुलत आजोबा आठवतो. म्हणून ‘बुद्धीचा खेळ’ म्हणायचं. कोणी हुज्जत घातलीच तर सुप्रीम कोर्टाचा १९६७ सालचा निकाल पुढे करायचा. रमी ही तीनपत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही, आणि तिच्यात जे काही नशीब आहे ते ब्रिजच्या वाटपात असतं त्याच जातीचं आहे, असं कोर्ट म्हणालंय. एवढ्यानेही भागलं नाही तर २०१८च्या जकार्ता एशियाडचं सांगा. प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीने ब्रिजमध्ये भारताला सोनं मिळवून दिलं तेव्हा एकाचं वय ६० होतं, दुसऱ्याचं ५६. ही बातमी वाचूनच आमचे नाना भुसावळहून पॅसेंजरने दर शनिवारी जळगावला यायला लागले. रेल्वेतून निवृत्त झालेले, गुडघे कुरकुरतात, पण साठी उलटलेल्या माणसाला पदकाची सोय असलेले खेळ तसे फार नाहीत.

नाना माझे पार्टनर. त्यांना ब्रिज मी शिकवला. तेच आता तुम्हाला शिकवतो.

तेरा पानं हातात आली की ती लावून घ्या आणि लगेच मोजायला लागा. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १. सगळ्या कॅटात मिळून ४०, म्हणजे माणशी सरासरी १०. ही मोजणी मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखली जाते आणि चार्ल्स गोरेन यांनी ती घरोघरी पोचवली. १२ भरले की बोलायचं, म्हणजे आपली जोडी किती हात करेल याची बोली लावायची, नाही भरले तर पास. बाकी काही पाहायचं नाही. तुमची सहा पानं एकाच रंगाची असतील, दोन रंगांत एकेकच पान असेल, तिकडे लक्षच द्यायचं नाही.

आता इथे एक गोष्ट सांभाळा. तुम्ही सराफ बाजारात जुनी पाटली मोडायला नेली तर सराफ काय करतो? आधी टाके बघतो, खडे काढतो, घट धरतो आणि मग काट्यावर ठेवतो. जळगावचं लहान पोरही हे जाणतं. पण पत्त्याच्या टेबलावर हे शहाणपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचं. राजा एकटाच आहे, त्या रंगाचं दुसरं पान नाही, म्हणजे समोरच्याने एक्का टाकला की राजा गेला. तरी त्याचे ३ पुरेपूर धरा. राणी-गुलाम दोघंच आहेत, वर समोरचे एक्का-राजा बसलेत. तरी ३ धरा. टाक्यासकट वजन करायचं, म्हणजे बेरीज भरघोस दिसते आणि बोली लावताना आवाज खणखणीत येतो.

नुसतं सांगून पटत नसेल तर मागच्या हिवाळ्यातल्या एका शनिवारची माझी पानं बघा. इस्पिकची राणी, गुलाम, चौका. बदामचा राजा, गुलाम, दुर्री. चौकटची राणी, गुलाम, पंजा, तिर्री. किलवरची राणी, छक्का, तिर्री. एक्का एकही नाही, पण मोजा: १२! मी ऐटीत ‘एक चौकट’ लावली. नानांकडे १३ होते, तेही असेच, चारही रंगांत सारखे पसरलेले, ग्रामसभेच्या ठरावासारखे, कुणाच्याच बाजूने नाहीत. १२ आणि १३ पंचवीस, पंचविसाला गेम, म्हणजे मोठ्या गुणांचा डाव, होतो, म्हणून ते सरळ ‘तीन नो ट्रम्प’वर, म्हणजे हुकमाशिवायच्या बोलीवर, गेले. बोलीचे तीन आणि पायाचे सहा असे नऊ हात करायचे होते, सात झाले. व्हल्नरेबल होतो, म्हणजे पडल्यास दंड जास्त, २०० गेले. मी नानांना म्हटलं, बोली बरोबर होती, पानं चुकीची आली.

त्यानंतर दोनच बोर्डांनी, म्हणजे डावांनी, नानांनी पानं उचलली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली, आणि बोलीच्या डब्यातून हिरवं ‘पास’चं पान काढून ठेवलं. डावीकडचा पास. माझ्याकडे ८ होते, मी पास. उजवीकडचाही पास. डाव फेकला गेला, दोन्ही बाजूंना शून्य. मग बोर्डासोबत फिरणारी चिठ्ठी उघडली. हीच पानं खेळलेल्या आधीच्या तिन्ही टेबलांवर आमच्या बाजूने चार इस्पिक लावून अकरा हात केले होते. ४५०, ४५०, ४५०. मी नानांची पानं उलटी करून पाहिली. इस्पिक एक्का, राजा, दश्शी, नव्वी, सत्ती, चौका. बदामचा एकच पंजा. चौकट राजा, दश्शी, अठ्ठी, छक्की, दुर्री. किलवरची एकच तिर्री. माझ्याकडे इस्पिकची राणी आणि चौकटचे एक्का-राणी होते. एक बदाम जाणार, एक किलवर जाणार, बाकी सगळे हात आमचे. दोघांचे मिळून पॉइंट फक्त १८.

“नाना, ही पानं हातात धरून पास?”

“तूच त सांगे ना भो, बाराशिवाय तोंड उघडू नको म्हने. मी दोनदा मोजलं. दहाच भरत होते.”

काय बोलणार? विद्यार्थी पास झाला होता, अक्षरशः.

काही चिकित्सक लोक तुम्हाला बुडीत हातांचा हिशेब शिकवायला येतील. प्रत्येक रंगातली वरची तीनच पानं बघायची, एक्का, राजा, राणी यांपैकी जे नाही तो एक बुडीत हात धरायचा. एकच पान असेल तर एकच बुडणार, पानच नसेल तर काहीच नाही. या हिशेबाने माझ्या त्या १२ पॉइंटांत आठ बुडीत निघतात आणि नानांच्या १० पॉइंटांत पाच. मग हुकमाचा रंग दोघांचा जुळला की दोघांचे बुडीत मिळवायचे आणि २४ मधून वजा करायचे. त्या रात्री माझे नऊ, नानांचे पाच, बेरीज चौदा, उरले दहा, म्हणजे चार इस्पिक. दुसरे एक जण म्हणतील, पॉइंटांत सगळ्यांत लांब दोन रंगांची पानं मिळवा, २० भरले तर बोला. नानांचे १० अधिक ६ अधिक ५, म्हणजे २१. असल्या लोकांच्या नादी लागू नका. गोरेन यांनीही पॉइंटांबरोबर एकट्या पानाला २, रिकाम्या रंगाला ३ असे जादा धरायला सांगितलं होतं आणि त्या मापाने नानांचे १४ होत होते, हे नानांना अजून कळलेलं नाही. कळू देऊ नये. गुरूने शिष्याला सगळं कधी शिकवू नये, मांजरीने वाघाला झाडावर चढणं शिकवलं नव्हतं.

पुढचा धडा. एकदा मोजलं की पुन्हा मोजायचं नाही. बोली चालू असताना कोण काय बोललं याकडे कान देऊ नका. समजा तुमच्याकडे बदामचा राजा-गुलाम आहे आणि डावीकडच्याने जोरात बदाम लावले. म्हणजे एक्का-राणी बहुधा त्याच्याकडे, तुमच्या मागे दबा धरून बसलेली. तुम्ही राजा टाकला की तो खाणार. हेच बदाम उजवीकडच्याने लावले असते तर तोच राजा सोन्याचा झाला असता. केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फळ्यावरचा भाव एक आणि बांधावर, गाडी उभी असताना, हातात पडतो तो दुसरा, हे रावेर-यावलचा शेतकरी रोज बघतो. पण आपण ब्रिज खेळतोय, शेती नाही. ४ बदाम पॉइंट घरून मोजून आणलेत, ते शेवटपर्यंत ४च.

पार्टनरचं बोलणं तर मुळीच ऐकायचं नाही. त्याने दोनदा इस्पिक सांगितले, तुमच्याकडे एकच इस्पिक आहे, तुमची चौकट लांब आहे. लावा चौकट. तो पुन्हा इस्पिक म्हणेल. तुम्ही पुन्हा चौकट म्हणा. आमच्याकडे असा एक नवरा-बायकोचा संवाद पाच चौकटपर्यंत गेला आणि समोरच्यांनी ‘हे पडणार’ म्हणून डबल दिला होता. त्या दोघांना तो नवा नव्हता, फक्त पहिल्यांदा गुण लिहून ठेवले गेले.

बोलीच्या डब्यात छापील पानं असतात, ती टेबलावर ठेवायची, तोंडाने काही बोलायचं नाही. का, तर ‘दोन बदाम’ हे शब्द आनंदाने म्हटले की निराशेने, यावरून पार्टनरला फार कळतं. पण आपल्याकडच्या माणसाला ही अडचण वाटता कामा नये. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून हजारांचे सौदे होतात, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. आपण खाकरावं. पास करायला नऊ सेकंद घ्यावेत आणि छताकडे बघावं. नियमात याला अनधिकृत माहिती म्हणतात आणि ती पार्टनरने वापरायची नसते, पण छताकडे बघायला बंदी नाही. मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. १९६५ साली ब्युनॉस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत इंग्लंडच्या दोघा नामवंतांवर बोटांनी बदामची पानं सांगितल्याचा आरोप झाला. जागतिक महासंघाने त्यांना दोषी धरलं, मायदेशातल्या चौकशीने निर्दोष. १९७५मध्ये बर्म्युडात एक इटालियन जोडी टेबलाखाली पायाने पाय दाबताना सापडली. आमच्या नानांचे गुडघे बघता ती पद्धत आम्हाला जमणारी नव्हती.

कुठे थांबावं हे कळेनासं झालं की ‘चार नो ट्रम्प’ म्हणा. ही ईझली ब्लॅकवूड यांची युक्ती. पार्टनरला विचारायचं, एक्के किती? एकही नसला, किंवा चारही असले तर तो पाच किलवर सांगेल, एक असला तर पाच चौकट, दोन असले तर पाच बदाम, तीन असले तर पाच इस्पिक. उत्तर ऐकून काय करायचं हे आधी ठरवू नका. विशेषतः तुमचा हुकूम किलवर असेल तेव्हा जरूर विचारा. नाना म्हणणार, पाच चौकट, एक एक्का. तुमच्याकडेही एकच, म्हणजे दोन एक्के विरुद्ध बाजूला. पण किलवर हा चौकटच्या खालचा रंग, पाच किलवरला परतायची वाट आता बंद, सहा किलवर लावावे लागतात, आणि समोरचे दोन एक्के एकामागून एक ठेवून चहा मागवतात. प्रश्न विचारण्यापूर्वी कुठलं उत्तर परवडेल याचा विचार करणं हे भित्र्या माणसांचं लक्षण आहे.

आणि डबल. डबल रागाने द्यायचा. समोरचा मघापासून फार उड्या मारतोय, मागच्या बोर्डात त्याने आपल्याला हसून दाखवलंय, एवढं कारण पुरे. हुकमाची पानं आपल्याकडे आहेत का, हे डबल दिल्यावर बघता येतं.

पण खरा ब्रिज पानं मिटल्यावर सुरू होतो. आमच्याकडे तो थंडीत शेतावर, भरताच्या पार्टीत होतो. बामणोदची हिरवी वांगी काड्यांवर भाजून झालेली, कोणी साल काढतंय, कोणी लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचतंय, कळण्याची भाकरी तव्यावर, आणि दोन जण ठेचणं थांबवून अकराव्या बोर्डावर भांडताहेत. इथे नियम एकच: चूक पार्टनरची. तुम्ही १२ सपाट पॉइंटांवर तोंड उघडलं तरी चूक त्याची, त्याने १० वर मिटलं तरी चूक त्याचीच. आवाज मात्र बेताने चढवा. कॅन्सस सिटीत १९२९ साली एका गृहस्थाने चार इस्पिकचा डाव घालवला, पार्टनर असलेल्या बायकोशी भांडण जुंपलं, हात उगारला आणि बायकोने पिस्तूल आणून त्याला गोळ्या घातल्या. पुढे खटल्यात ती सुटली. ही गोष्ट मी नानांना सांगितली तेव्हा ते भरतावर तेल ओतत होते. म्हणाले, “चार इस्पिकच का? आपल्याच बोर्डासारखं.” आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

या आखाजीला नानांनी मला त्यांच्या गावी नेलं. दुपारचं ऊन असं की निंबाच्या सावलीलाही घाम फुटावा. सतरंजीवर पाच-तीन-दोन मांडलेला. या खेळात पहिली पाच पानं हातात आली की ज्याच्यावर पाच हात करायची पाळी आहे त्याने हुकूम बोलायचा, उरलेली पानं मागाहून मिळतात. नानांची पाळी आली. पाच पानं उचलताना जेमतेम पंखा पसरला असेल, तोवर ते म्हणाले, “किलवर.” सहा हात केले. ना मोजलं, ना चष्मा पुसला. हेच ते नाना, ज्यांना मी एवढी वर्षं शिकवतोय.

मग पाळी माझ्यावर आली. बदामची दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती आणि चौकटचा एक्का. मी मोजले. चारच पॉइंट भरत होते. पुन्हा मोजले.

“काय मोजून राह्यला भो?” नाना म्हणाले.

नानांचा नातू आंब्याची कोय चोखत माझ्या खांद्यावरून डोकावत होता. तो म्हणाला, “काका, चार बदामं आहे ना तुमच्याजवळ!”

नानांनी हात पुढे केला, माझी पानं काढून घेतली आणि कॅट पुन्हा पिसायला घेतला.