सावळी नायिका हवी ना? मग गोरी शोधा

मालिका काढताय? आणि नायिका सावळी? शाब्बास, समाजाला अशा विषयांची गरजच आहे. फक्त एक पथ्य पाळा: कामाला सावळी मुलगी घेऊ नका. ऑडिशनला येतील बऱ्याच. त्यांना चहा पाजा (हो, तोच, जो प्यायल्यानं पोरी काळ्या होतात असं आपल्या आयांनी सांगितलंय), त्यातली एक मोलकरणीच्या कामाला ठेवून घ्या आणि बाकीच्यांना 'कळवतो' म्हणा. मग दुधासारखी गोरी मुलगी निवडा आणि मेकअपदादांना सांगा, हिला काळवंडा.

मनाला लावून घेऊ नका, ही जुनी रीत आहे. द्रौपदीचं एक नावच कृष्णा, म्हणजे काळी. तरी 1988 पासून दूरदर्शनवर लागलेल्या 'महाभारता'त आपण गोऱ्यापान रूपा गांगुलींनाच हात जोडले. तेव्हा निदान रंग तरी फासला नव्हता. आता आपण सुधारलोय, आता फासतो. 2019 च्या 'बाला' या हिंदी सिनेमात रंगावरून हिणवल्या जाणाऱ्या मुलीचं काम भूमी पेडणेकरनं केलं, तेही मेकअपनं काळी होऊन. मराठी छोट्या पडद्यालाही हे जमलंय. कान आणि मान मात्र विसरू नका, प्रेक्षक तिथेच बघतात. पावसातला सीन टाळलेला बरा.

रंग झाला की स्वभाव. ती सोशिक हवी, हुशार हवी, आवाज गोड हवा. सावळीला नुसतं असून चालत नाही, काहीतरी भरपाई द्यावी लागते. म्हणून आत्याबाईंना पहिल्याच एपिसोडमध्ये हे वाक्य द्या: "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." त्यातला 'पण' नीट म्हणवून घ्या, चार टेक झाले तरी चालतील. लग्नं त्या 'पण'वर जुळतात आणि मोडतात. गोरीच्या बाबतीत आत्याबाई त्याच्या आधीच थांबतात.

सासूला देवघर द्या. तिथे कमरेवर हात ठेवलेला काळाभोर विठोबा. तिनं त्याला तुळस वाहावी, डोळे पुसावेत आणि बाहेर येऊन म्हणावं, "ही काळी माझ्या उंबऱ्याच्या आत नको." दोन्ही एकाच शॉटमध्ये येईल असं बघा. विनोद वाटू नये म्हणून मागे सनई.

आता खरी गंमत, म्हणजे पैसा. भारतीय जाहिरात मानक परिषदेनं 2014 मध्ये गोरेपणाच्या क्रीमवाल्यांना बजावलं: काळ्या रंगामुळे मुलगी दुःखी आहे, तिचं लग्न ठरत नाही, नोकरी मिळत नाही, असं जाहिरातीत दाखवायचं नाही. बिचारे अडचणीत आले. क्रीम लावण्याआधीचं रडं दाखवायचं कुठे? ते तुम्ही दाखवायचं! तो नियम जाहिरातींना आहे, मालिकांना नाही. तेव्हा वीस मिनिटं पोरीला रडवा, स्थळं परत पाठवा, उटणी फासा. मग ब्रेक. ब्रेकमध्ये कुणी रडत नाही, नुसती चमक येते. 1975 पासून विकलेल्या 'फेअर अँड लव्हली'तला 'फेअर'सुद्धा 2020 साली गेला आणि तिथे 'ग्लो' आला. गोरेपणा गेला, तेज आलं. ट्यूब आजही बेसिनवर त्याच जागी असते.

पुढे अवॉर्ड फंक्शन असेल. तिथे नायिकेला तिच्या मूळ रंगात पाठवा. निवेदक ओरडेल, "अगं बाई, ही तीच?" आणि टाळ्या थांबणार नाहीत. इतके दिवस तिनं काय सोसलं, ते लोकांना तेव्हा कळेल.

हां, एक राहिलंच. शूटिंगला शेड रोज बदलते, काल जास्त काळी, आज जरा उजळ, असं होतं. त्यावर उपाय सोपा आहे. मोलकरणीचं काम करणारीला जवळ बोलवा, तिचा हात नायिकेच्या गालाशेजारी धरा आणि रंग जुळवून घ्या. त्याचे वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत.