'जरा अभ्यास वाढवा' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

प्राणिसंग्रहालयात येरझाऱ्या घालणाऱ्या अस्वलावरच्या माझ्या 'अस्वलाची वाट' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही लिहिलंय, 'ताई, जरा अभ्यास वाढवा. पिंजऱ्यासमोर दहा मिनिटं उभं राहून जनावराचं मन कळत नसतं.' शिवाय मी पुण्याच्या कात्रज प्राणिसंग्रहालयाची बदनामी केली, तिथल्या सर्पोद्यानाची माहिती चुकीची दिली, गिधाडं वाचवल्याचं श्रेय प्राणिसंग्रहालयांना दिलं नाही. आणि पशुवैद्य व कीपर अपुरे पडतात हा खरा प्रश्न सोडून भिंती-खंदकांचं रडगाणं गायले.

आधी माझी चूक. लेखात मी प्राणिसंग्रहालय आधीचं आणि सर्पोद्यान नंतरचं असं लिहिलं होतं. ते उलट आहे. कात्रजचं सर्पोद्यान १९८६ चं, आणि पुण्यातल्याच जुन्या पेशवे पार्कातले प्राणी तिकडे हलले ते १९९९ मध्ये. दुरुस्ती केली आहे, आभार. एका ओळीत सांगण्यासारखी गोष्ट होती. तिच्यापुढे 'शाळकरी पोरालाही माहीत असतं' आणि तीन उद्गारचिन्हं कशासाठी, ते तुम्हालाच ठाऊक.

कात्रजच्या बदनामीबद्दल एवढंच, की लेख पुन्हा वाचा. ते अस्वल मी बाहेरगावी पाहिलं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. कात्रजचा उल्लेख एकदाच आहे, तो दर बुधवारी बंद असण्याबद्दल, आणि तोही कौतुकाचा. आठवड्यातला एक दिवस तरी जनावरांना आपली तोंडं बघावी लागत नाहीत.

आता दहा मिनिटं. ही दहा मिनिटं तुम्ही कुठून आणलीत? मी तिथे लागोपाठ दोन दिवस होते, सकाळी दहा ते पावणेबारा, वही घेऊन. अस्वल भिंतीच्या कडेने जायचं, कोपऱ्यात मान झटक्याने वर करायचं, वळायचं, परत यायचं. वळताना पुढचा डावा पंजा दर वेळी एकाच दगडावर. तो दगड देवळाच्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत झालेला. बाकी आवारात गवत होतं, त्या पट्ट्यात उघडी माती. एका दिवसात गवत जात नाही, साहेब. माझ्या वहीवर विश्वास नसेल तर त्या मातीवर ठेवा.

'खायची वेळ झाली की येरझाऱ्या घालतातच,' असंही तुम्ही वर म्हणता. घालतात, मान्य. पण त्याला खाणं चार वाजता मिळत होतं. मी गेले दहाला.

आणि खाणं म्हणजे काय, तर ताटलीत दूध-पोळी आणि फळं. पाच मिनिटांत चाटूनपुसून साफ. आपलं अस्वल रानात वारुळं उकरतं, ओठांचा चंबू करून वाळवी ओढून घेतं. वरचे पुढचे दोन दात त्याला नसतातच, ती फट त्यासाठीच. दिवसाचे कितीतरी तास त्याचा हा उद्योग चालतो. तो उद्योग काढून घेतला आणि जेवण ताटात वाढलं, तर उरलेल्या वेळाचं त्याने करायचं काय? लाकडाच्या ओंडक्याला भोकं पाडून आत मध भरायचा, फळं एका जागी न ठेवता आवारात लपवायची, एवढंच मी सुचवलं होतं. ओंडका भरायला माणूस लागतो, असं तुम्ही म्हणालच. म्हणा.

अभ्यासाचंच म्हणत असाल तर २००३ मध्ये 'नेचर'मध्ये ऑक्सफर्डच्या दोन संशोधिकांचा निबंध आला होता. ज्या मांसभक्षी प्राण्यांचा रानातला वावर मोठ्या मुलखात असतो, ते बंदिवासात जास्त येरझाऱ्या घालतात आणि त्यांची पिल्लंही जास्त दगावतात, असं त्यांना दिसलं. पण मला हे निबंधातून कळलेलं नाही. आमचं आजोळ पुरंदरचं. पावसाळ्यात म्हैस आठ-आठ दिवस दावणीला राहिली की मान डोलवायला लागायची, एका लयीत, डोळे कुठेतरी भलतीकडे. आजोबा शाळा शिकले नव्हते. ते पाऊस बघायचे नाहीत, दावं सोडून तिला ओढ्यापर्यंत फिरवून आणायचे. त्या गोठ्याचं शेण मी दर सुट्टीत काढलंय. मोठेपणी घर पर्वतीच्या पायथ्याशी आलं, पेशवे पार्कातल्या सिंहाची डरकाळी रात्री अंथरुणात ऐकू यायची. तेव्हा जनावर बघायला कुणी शिकवावं अशी माझी स्थिती नाही. निदान टोपणनावाने तरी नको.

गिधाडांचं म्हणाल, तर गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे ती मेली, गुरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, आणि पैदास झाली हरियाणातल्या पिंजोरसारख्या प्रजनन केंद्रांत. तिथे तिकीट काढून पोरांना गिधाड दाखवत नाहीत. माझ्या म्हणण्याला हे पूरकच आहे, पण असो. पांढरे वाघ वाढवणं म्हणजे संवर्धन, हा तुमचा हट्ट मी सोडून देते. रेवाचा मोहन हा पांढरा वाघ १९५१ मध्ये पकडला आणि पुढे त्याची जोडी त्याच्याच मुलीशी लावली. त्या वंशावळीला संवर्धन म्हणायचं असेल तर म्हणा.

पशुवैद्य आणि कीपर कमी आहेत, हे असेल खरं. तो वेगळा विषय आहे, लिहीन कधीतरी.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. दुसरी, रात्री पावणेबाराला टाकलेली, काढली आहे. त्यात अस्वलाबद्दल काहीच नव्हतं.