गाडीला उकडतंय व्हय?

हा प्रश्न गेल्या रविवारी भर दुपारी, चारचौघांसमोर आणि कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारण्यात आला, आणि तेव्हापासून गल्लीतील शाळकरी मुलेही मला पाहून तोच विचारतात. विचारणारे होते समोरच्या वाड्यातील आबा.

आमच्या गॅरेजचे छप्पर पत्र्याचे असून पत्र्याखालीच लाकडी माळा आहे. कोल्हापूरच्या एप्रिल-मेमध्ये तो माळा इतका तापतो की तेथे वर्षभरासाठी करून ठेवलेल्या तिखट चटणीचा रंग उतरतो आणि वास खवट होतो. वर्षाची चटणी बिघडणे ही आमच्याकडे घरगुती बाब नसून थेट बदनामी असते. म्हणून मी पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग दिला, आतून चकाकणारे फॉइल लावून घेतले आणि आढ्यावर वाऱ्याने फिरणारा पत्र्याचा घुमट बसवायचे ठरवले. कारागीर तो घुमट घेऊन शिडीवर चढला आणि आबा खुर्ची घेऊन रस्त्यावर आले.

"कळस कशाला बसीवलाय? आत कोणतं दैवत हाय?" त्यांनी सुरुवात केली.

हा कळस नसून तापलेली हवा बाहेर काढणारे साधन आहे आणि त्याला वीज लागत नाही, असे मी नम्रपणे सांगितले. गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि या घुमटातून निघून जाते, हेही सांगितले. आबांनी बराच वेळ घुमटाकडे पाहिले.

"गरम हवा वर जातीया म्हणताय?"

"हो."

"मग खाली कशाला उकडतंय?"

जमलेली मंडळी हसली. वास्तविक प्रश्न चोख होता आणि त्याचे उत्तरही चोख आहे: तापलेला पत्रा हवेची वाट न पाहता आपली धग थेट खाली फेकतो, म्हणून वर पांढरा रंग आणि खाली फॉइल, आणि पत्रा व फॉइल यांच्यामध्ये हवेची मोकळी फट, ती फट न ठेवता फॉइल पत्र्याला चिकटवले तर ते पत्र्याबरोबर तापते आणि त्याचा उपयोग कमी होतो. हे सर्व मी हातवारे करून समजावले. आबा मागे वळून मंडळींना म्हणाले, "भाकरी गुंडाळायचा कागद हाय त्यो." मग माझ्याकडे वळून आपुलकीने म्हणाले, "आमी म्हशीला उकडलं की रंकाळ्यावर न्यायचो. तुमी बी गाडी नेऊन बसवा की पाण्यात. डुलकी काढंल."

त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून माझ्या कामाची माहिती देण्याचे कार्य त्यांनी स्वतःकडे घेतले. एका दुचाकीस्वाराला त्यांनी मी गाडीसाठी देऊळ बांधत असल्याचे सांगितले, तर भाजीवाल्या मावशींना नारळ तयार ठेवायला सांगितले. कारागीर हसत असल्यामुळे एक स्क्रू तिरका बसला, आणि तो अजून तसाच आहे.

मला राग आबांचा नाही. निदान सगळा नाही. उरलेला आहे तो आपणच गारवा घालवल्याचा. १८६५ साली बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या कौलांनी आपली घरे शाकारली गेली. कौलांच्या फटींतून कोंडलेली हवा आपोआप निघून जात असे. आता स्लॅब गळतो म्हणून त्यावर पत्रा घालायचा, पत्रा तापतो म्हणून खाली कूलर लावायचा, आणि वळीव पडून हवा दमट झाली की तो कूलर नुसता ओलावा ढकलत बसतो. आमच्या गॅरेजवर पश्चिमेकडून कडुलिंबाची सावली पडत असे. तारांना फांद्या लागतात या कारणाने तो बुंध्यापर्यंत छाटण्यात आला. छाटणाऱ्यांना मी फक्त लागणाऱ्या फांद्या काढा म्हटले, तर वरून आदेश आहे, असे उत्तर मिळाले. जी सावली फुकट होती तिच्या जागी मी आता रंग, फॉइल आणि घुमट विकत घेतला आहे, आणि भर रस्त्यात हसे झाले तेही माझेच.

घुमट मात्र काम करतो. अर्थात नुसता घुमट बसवून भागत नाही. वरून हवा जायची तर खालून यायला वाट हवी, म्हणून सावलीच्या बाजूच्या भिंतीत, जमिनीलगत, मी जाळी बसवून घेतली. चटणीच्या बरण्या आता कोमटही लागत नाहीत. ही वार्ता गल्लीत पसरली आणि बुधवारी दुपारी आबा आपली खुर्ची, उशी आणि पत्त्यांचे तीन भिडू घेऊन आत येऊन बसले. भिडूंना पाय पसरता यावेत म्हणून गाडी बाहेर उन्हात काढावी लागली. उशी आणली तेव्हाच मी ओळखले की हा मुक्काम दुपारपुरता नाही.

काल मी धीर करून म्हटले, "आबा, मला शटर बंद करून बाहेर जायचे आहे."

आबांनी पान टाकले आणि वरही न पाहता म्हणाले, "करा की बंद. खालची जाळी उघडी हाय न्हवं? वारं येतंय."