पेनिसिलीन पिंपरीत होत असे

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर चिनी दिव्यांच्या माळा घेऊ नका, असा निरोप आला आणि सगळ्यांनी त्याला मान डोलावली. भावना मला समजते. पण घरोघरच्या औषधांच्या डब्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, याचा मनापासून राग आला.

अ‍ॅमॉक्सिसिलिन हे नेहमीचे अँटिबायोटिक ज्या पेनिसिलीन-जी या कच्च्या मालापासून बनते, ते आपण वर्षानुवर्षे जवळजवळ सर्वस्वी चीनकडून आणत आलो आहोत. औषधांच्या कच्च्या मालाच्या एकूण आयातीतही सुमारे दोन तृतीयांश वाटा त्या एकाच देशाचा आहे.

माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये फर्मेंटेशन विभागात होते. हा सरकारी कारखाना 1954 साली स्थापन झाला. पेनिसिलीन तयार करणारी बुरशी तिथे टाकीत वाढवतात आणि तिला निर्जंतुक हवा अखंड लागते. ती थांबली, किंवा एखाद्या व्हॉल्व्हमधून बाहेरचा जंतू आत शिरला, तर अख्खी बॅच वाया जाते. रात्री घरची वीज गेली की बाबा अंथरुणात उठून बसत आणि कारखान्यातली हवा चालू असेल ना, एवढेच विचारत.

नव्वदच्या दशकात आयात खुली झाली, चीनच्या अवाढव्य कारखान्यांनी भाव पाडले आणि आपल्याकडचे पेनिसिलीनचे उत्पादन एकेका ठिकाणी बंद पडत गेले. स्वस्त मालामुळे गरिबाला औषध परवडले, हे मान्य. सरकारी कारखान्यांत ढिलाई होती, हेही मान्य. पण म्हणून रात्री दचकून उठणाऱ्या त्या माणसांचे कसब मोडीत काढायचे होते का?

2020 मध्ये कोरोनामुळे चीनचा हुबेई प्रांत ठप्प झाला आणि तुटवड्याच्या भीतीने 3 मार्चला आपल्याच सरकारला पॅरासिटामॉलसह, औषधे आणि त्यांचा कच्चा माल मिळून, 26 वस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. मग औषधांचा कच्चा माल देशातच बनावा म्हणून 6,940 कोटींची प्रोत्साहन योजना आली आणि 2024 मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याला पेनिसिलीन-जीचा कारखाना सुरू झाला. ती बातमी वाचून मला भरून आले. बाबा असते तर तिथले हवा पुरवणारे कॉम्प्रेसर कसे आहेत, हेच त्यांनी आधी विचारले असते. पण चीनने पुन्हा भाव पाडले, तर हा कारखाना कशाच्या बळावर टिकेल?

माझा राग चिनी माणसावर नाही. सगळा माल एकट्या जर्मनीतून येत असता, तरी मी हेच लिहिले असते. सरकारी रुग्णालयांच्या निविदांत निव्वळ सर्वांत कमी दर पाहणे थांबवावे, आणि थोडे महाग पडले तरी खरेदीचा ठरावीक हिस्सा देशात बनलेल्या कच्च्या मालाच्या औषधांसाठी राखून ठेवावा. औषधाच्या पाकिटावर गोळी बनवणाऱ्याचा पत्ता असतो, मूळ औषध कुठून आले हे मात्र नसते. तेही छापणे सक्तीचे करावे.