वेडनेसडेवाल्यांची बाजू

दिवाळीला भाची पुण्याहून आली की आमच्या सांगलीच्या घरात स्क्रॅबल, म्हणजे इंग्रजी अक्षरं जुळवून बोर्डावर शब्द लावायचा खेळ, निघतं. मधे भडंगाचं पातेलं, शेजारी बोर्ड, आणि हात पुसल्याशिवाय अक्षरांना हात लावायचा नाही हा आमच्या बायकोचा नियम. यंदा दुसऱ्याच डावात वाजलं.

मी मोठ्या हौसेनं 'टॅक्सी' लावली होती. पोरीनं टॅक्सीच्या शेवटच्या आयच्या डोक्यावर, तिप्पट गुणांच्या घरात, क्यू ठेवला आणि क्यूच्या उजवीकडं स्वतःचा दुसरा आय. आडवं वाचलं तरी 'क्यू-आय', उभं वाचलं तरी 'क्यू-आय'. क्यूचे 10, तिप्पट 30, आयचा 1. झाले 31, तेही दोनदा. दोन अक्षरांत 62 गुण! मला तेवढे करायला चार चहा लागतात.

म्हटलं, "अर्थ सांग."
"मामा, यात अर्थ विचारत नाहीत. शब्द यादीत असला की झालं."

नंतर कळलं, तो चिनी शब्द आहे, उच्चार 'ची', म्हणजे शरीरातली प्राणशक्ती. हे तिलाही मोबाईलवर बघावं लागलं. तिच्याकडं एक ॲप आहे. 'क्यू पाहिजे, यू नको' असं सांगायचं, की भसाभस यादी. असल्या ॲपांचं हल्ली पेव फुटलंय. (हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, बघितलेल्या माणसाला हा वाक्प्रचार जपून वापरावासा वाटतो, पण असो.)

माझं मत सांगतो. डाव संपल्यावर ॲप बघा, वहीत उतरवून घ्या, खुशाल पाठ करा. डाव चालू असताना बघणं म्हणजे परीक्षेत चिठ्ठी. अर्थाचा हट्ट मात्र मी सोडलाय. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्दांच्या याद्या तेवढ्या डोक्यात. हे भाचीनंच ऐकवलं. त्याच्यापुढं मी काय बोलणार?

पण मला वेगळंच काहीतरी खटकत होतं. मधलं अक्षर दिलं की आपल्याला शब्द का सुचत नाही?

एक तर डिक्शनरी पहिल्या अक्षरावर लावलेली. पोटात एक्स असलेले शब्द तिच्यात शोधायचे तर सगळी चाळावी लागते. दुसरं म्हणजे आपण वाढलो भेंड्यांवर. एसटीत आम्ही गावांच्या भेंड्या खेळायचो. मिरज, जत, तासगाव, वाळवा, विटा, टाकळी. आणि टाकळी आली की डाव ठप्प, कारण ळ नं सुरू होणारं गाव आणायचं कुठून? मग आजोबा निवाडा द्यायचे, "ळ चा ल धरा." की लगेच लेंगरे. आपला शब्दांचा शोध असा कानानं, आणि टोकाला धरून. इंग्रजीत कान दगा देतो. त्यांच्यात लिहितात एक, बोलतात दुसरंच.

आता मुद्द्यावर येतो. आम्ही मराठी शाळेतले, इंग्रजी पाचवीला लागलं. स्पेलिंग लक्षात राहावं म्हणून आम्ही शब्द जसा लिहिलाय तसाच वाचायचो. वेड-नेस-डे. क्नाइफ. इस-लँड. टू-गेट-हर. कर्नलला को-लो-नेल. कॉलेजात यावरून पोरं फिदीफिदी हसली, आणि मग आम्हीही लाजून बरोबर उच्चार शिकलो. पण आतला क्नाइफ गेला नाही. तो तिथंच बसून होता.

परवा मोबाईलवर वर्डलसारखा खेळ चालला होता. पाच अक्षरी शब्द, सहा प्रयत्न. एन दुसऱ्या घरात हिरवा, म्हणजे जागा बरोबर; के पिवळा, म्हणजे आहे पण जागा चुकलीय. एस नाही, ए नाही. भाची कॉन्व्हेंटची. तिनं मनात स्नॅक, स्नेक, अँकल सगळं फिरवून बघितलं, एकही बसेना. ती 'न' च्या आधी ऐकू येणारं अक्षर शोधत होती. मी पातेल्यातला शेंगदाणा वेचता वेचता म्हणालो, "क्नाइफ."
"काय?"
"क्नाइफ गं, सुरी!"
लागला की! तिच्या कानात तो के कधी वाजलाच नव्हता. माझ्या कानात तो चाळीस वर्षं ठणठणतोय.

स्क्रॅबल काढणारा आल्फ्रेड बट्स हा अमेरिकेतला आर्किटेक्ट, मंदीत नोकरी गेलेला. त्यानं वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून ठरवलं की ई किती ठेवायचे आणि क्यू किती. म्हणून ई 12 आणि क्यू एकच. त्यानंही कान बाजूला ठेवून डोळ्यानंच मोजलं, असं मी भाचीला सुनावून घेतलं.

त्या रात्री तिची क्यूची यादी मी चाळली. म्हटलं असतील सगळे चिनी. तर तिथं फकीर! एफ-ए-क्यू-आय-आर, सरळ बेरीज 17. खाली तलाक. दुसऱ्या याद्या काढल्या तर लाख आणि कोटीवाला क्रोर. लाखाला 11 गुण आणि कोटीला 7, हा कुठला हिशोब ते बट्सलाच ठाऊक. आणि जोवार! मार्केट यार्डात पोत्यापोत्यानं बघितलेली ज्वारी 15 गुणांना बसते, आणि मी आयुष्यभर 'कॅट' आणि 'रन' लावत बसलो.

तेव्हा भाची परत येईपर्यंत माझी वही सुरू आहे. क्यू असलेला पण यू नसलेला शब्द ठाऊक असेल तर खाली लिहा. ॲप न बघता. आणि तलाक कुणी सांगू नका, तो तिनं भाऊबीजेच्या दिवशी लावला आणि घरात पाच मिनिटं कुणी बोललं नाही.